पिन बदललाय

लातूर,
रविवार, १६ जुलै २०२३

प्रिय आत्या,

पाकीट बघून घाबरू नकोस. घरातलं कुणी आजारी नाही, मीही हिंडतेफिरते आहे. जगात फोन असताना ही पोरगी पत्र का लिहून राहिली असं तुला वाटेल, तर तेच सांगायला बसले आहे.

आमच्या वसतिगृहात फोन आठवडाभर ऑफिसच्या कपाटात असतात आणि रविवारी दुपारी तासभर हातात मिळतात, हे तुला माहीत आहे. मागच्या रविवारी मी तुला व्हॉट्सॲपवर लिहिलं होतं की दोन महिने झाले, पाळी आलेली नाही, काय करू. तू नर्स आहेस म्हणून लिहिलं, आणि तू तू आहेस म्हणूनही लिहिलं. आईला सांगितलं असतं तर तिने काळजीपोटी गल्ली गोळा केली असती. तू लगेच उत्तर दिलंस की जागरणाने, अर्धपोटी राहण्याने असं होतं, घाबरू नको. मी त्या रात्री बऱ्याच दिवसांनी नीट झोपले.

मंगळवारी उमाबाई मॅडमनी मला जेवणातून उठवून ऑफिसात बोलावलं. उमाबाई म्हणजे आमच्या रेक्टर. बाई वाईट नाहीत. कुणाला ताप आला तर स्वतः पेज करून आणतात. पण त्यांनी दार लोटून घेतलं नाही, आणि बाहेर हात धुवायला निम्मं वसतिगृह उभं होतं. म्हणाल्या, "उज्वला, दोन महिने झाले म्हणं. कोण हाय तो?"

मला आधी कळेचना, कोण म्हणजे कोण. या गावात मी केमिस्ट्रीच्या सरांखेरीज एका पुरुषाचं तोंड धड बघितलेलं नाही, आणि सरांचीही पाठच जास्त बघितली आहे. मी तसं सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग टेस्ट करून दाखव. दोन मिन्टाचं काम हाय. तुझ्या आईबापानं तुला माझ्या पदरात टाकलंय." मी नाही म्हणाले. त्यांनी पुन्हा सांगितलं, मी पुन्हा नाही म्हणाले. शेवटी म्हणाल्या, "टेस्ट न्हाई तर वसतिगृह न्हाई. इचार कर."

आत्या, वसतिगृहातून काढलं तर अप्पा मला सरळ गावी घेऊन जातील. माझं नीट परीक्षेचं वर्ष तिथेच संपेल आणि पुढच्या उन्हाळ्यात माझ्यासाठी पाहुणे यायला लागतील. हे तुलाही माहीत आहे.

आता जे विचारायचं आहे ते विचारते, राग मानू नकोस. तू कुणाला बोललीस का? कारण मी तर भिंतीलाही सांगितलं नव्हतं. माझ्या खोलीतली अर्शिया, तुमच्या नांदेडचीच, देगलूर नाक्याकडची, ती म्हणते ॲपवाल्यांनीच फोडलं असेल, आपण सिग्नल नावाचं दुसरं ॲप घेऊ, ते पक्कं असतं. मला काही कळेनासं झालंय.

उत्तर वसतिगृहाच्या पत्त्यावर पाठवू नकोस. अर्शियाच्या मावशीचं, वहिदाखालांचं, गंजगोलाईच्या मागे शिलाईचं दुकान आहे. पत्ता पाकिटावर मागे लिहिला आहे. क्लासला जाताना आम्ही तिथून जातो.

तुझी,
उज्वला


नांदेड,
२० जुलै २०२३

चि. उज्वला,

मी कुणालाही बोललेले नाही. वीस वर्षं नर्सची नोकरी केली, पेशंटचं बाहेर बोलायचं नसतं हे मला तुझ्याकडून शिकायचं नाही. पण विचारलंस ते बरं केलंस. मनात ठेवलं असतंस तर ते कुजलं असतं.

आमच्या दवाखान्यात कॉम्प्युटरवर आलिया म्हणून हुशार मुलगी बसते. तुझं नाव न घेता तिला विचारलं. ती म्हणाली, "सिस्टर, हे असले मेसेज इकडच्या फोनातून तिकडच्या फोनात कुलूप लावूनच जातात. मधी कंपनीलाबी वाचता येत न्हाई. फुटलं असंल तर दोन टोकांपैकी एका टोकाला फुटलं." माझ्या टोकाचा फोन माझ्या ड्रेसच्या खिशात असतो आणि त्याला माझ्या बोटाशिवाय कुणी उघडू शकत नाही. तेव्हा तुझं टोक बघ. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये लिंक्ड डिव्हाइसेस म्हणून असतं. तुझ्या फोनला दुसरं कुठलं यंत्र जोडलंय का ते तिथे दिसतं. सिग्नललाही तशीच सोय आहे म्हणे, म्हणून नुसतं ॲप बदलून भागत नाही.

आता टेस्टचं. हट्टाला पेटू नकोस. करून टाक, निकाल त्यांच्या टेबलावर ठेव आणि अभ्यासाला बस. तुझ्या वयाच्या, तुझ्यासारख्या क्लासच्या मुली माझ्याकडे दर आठवड्याला येतात. कुणाला दोन महिने, कुणाला चार. झोप आणि जेवण सुधारलं की बहुतेकींचं ठीक होतं, नाही झालं तर डॉक्टर आहेत. यात लाजण्यासारखं काही नाही, मग सिद्ध करून द्यायला काय जातं? वर्ष महत्त्वाचं आहे. मान नंतर मिळवता येतो.

आणि माझ्या दादाची काळजी करू नकोस. त्याच्या कानावर हे जाणार नाही, मी बघते.

सकाळी काही खाल्ल्याशिवाय क्लासला जाऊ नकोस.

तुझी,
सिंधु आत्या


लातूर,
३१ जुलै २०२३

आत्या,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा राग आला. आधी कामाचं सांगते, मग रागाचं.

काल दुपारी फोन हातात आल्या आल्या तू सांगितलंस तिथे बघितलं. माझ्या व्हॉट्सॲपला एक कॉम्प्युटर जोडलेला होता. जूनमध्ये, क्लास सुरू झाला त्याच आठवड्यात जोडलेला. तेव्हा ऑफिसात "पालकांच्या ग्रुपला जोडायचंय" म्हणून सगळ्यांचे फोन घेतले होते. शेवटचा वापर काल सकाळचा. म्हणजे फोन कपाटात झोपलेला असताना माझे निरोप ऑफिसच्या टेबलावर उघडे पडलेले. अर्शियाने तिचा बघितला, तिथेही तेच. मग हॉलमध्ये एकीने दुसरीला सांगितलं आणि दहा मिनिटांत अख्खा हॉल आपापल्या फोनात डोकं घालून बसला. एक निलंग्याची मुलगी रडायला लागली, तिने तिच्या बहिणीला काय काय लिहिलं होतं ते तिचं तिलाच ठाऊक.

पण फोन कुलूपबंद असताना त्यांनी उघडला कसा, हा प्रश्न उरलाच होता. तो सुटला तेव्हा रडावं की हसावं कळेना. अर्शियाने मला विचारलं, तुझा पिन काय? मी म्हणाले, सांगणार नाही. ती म्हणाली, मी सांगते. सात दोन शून्य, सात दोन शून्य. आत्या, नीटची परीक्षा सातशेवीस मार्कांची. क्लासच्या पहिल्या दिवशी सर म्हणाले होते, हा आकडा उठता-बसता डोळ्यांसमोर ठेवा. आम्ही सगळ्यांनी तो पिन म्हणून ठेवला. सगळ्यांनी. दर वर्षीच्या मुली तेच करत असणार. लातूरला येणारी प्रत्येक पोरगी आपल्या स्वप्नाचं कुलूप करते आणि त्या सगळ्या कुलपांना एकच किल्ली. उमाबाईंना काही हुशारी करावीच लागली नाही.

आम्ही पिन बदलले, तो कॉम्प्युटर काढून टाकला. सिग्नलही घेतलं, पण आता अर्शियाही म्हणते ते बरोबर आहे, पिन फक्त आपल्याजवळ नसला तर कुठलंही ॲप घ्या, सारखंच. चार वाजता फोन परत देताना मी उमाबाईंना सांगितलं, "मॅडम, फोन ठेवा. पिन बदललाय, तो मिळणार नाही." माझ्यामागे अर्शियाने तेच सांगितलं. तिच्यामागे आणखी वीस-बावीस जणींनी. उमाबाई खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "मी तुमच्या भल्यासाठी करून राहिले गं. उद्या काय झालं तर लोक मलाच जाळतील." मला त्यांची दयाही आली. पण पिन दिला नाही.

आता रागाचं.

पहिलं म्हणजे तू मला खोटं लिहिलंस. अप्पांच्या कानावर हे जाणार नाही म्हणालीस. काल आईचा फोन आला, ती नुसती रडत होती. उमाबाईंनी माझ्या मेसेजचा फोटो काढून अप्पांना पाठवला त्याला तीन आठवडे होत आले. तू मला पत्र लिहिलंस त्याच्या आदल्या दिवशी अप्पा तुझ्याशी फोनवर तासभर भांडले. म्हणजे माझ्याबद्दल सगळ्यांना सगळं माहीत होतं, आणि कुणाला काय माहीत आहे हे तेवढं मला माहीत नव्हतं.

दुसरं. तू विचारलंस, सिद्ध करून द्यायला काय जातं. मागच्या आठवड्यात मॅडमनी जाहीर केलंय की दर महिन्याच्या पहिल्या तारखेला प्रत्येक मुलीने आपली तारीख ऑफिसात येऊन सांगायची. माझ्यामुळे. मी अजून टेस्ट केलेली नाही तर इथवर आलंय. केली असती तर त्यांना वाटलं असतं, विचारलं की पोरी देतात. मला भीती निकालाची नाही. निकाल काय येणार ते मला ठाऊक आहे. पण मी काही केलेलं नाही हे दाखवायला मला माझं अंग त्यांच्या टेबलावर ठेवायचं नाही. माझा शब्द पुरत नसेल तर मला त्यांचं काही नको.

तेरा तारखेला पालकांना बोलावलंय. अप्पा येणार. सोबत माझी ट्रंक नेण्याची तयारी करूनच येणार, आई म्हणाली.

उज्वला


ता. नायगाव,
२ ऑगस्ट

सिंधु,

दादाचं पत्र. फोनवर तू मधीच ठेवून देतीस म्हणून लिहून राहिलो. मला गोड लिहिता येत न्हाई, जसं येतंय तसं वाच.

मी पोरीचा दुश्मन न्हाई. मामाच्या या गावातली लातूरला शिकायला गेलेली पहिली पोरगी माझी हाय. लोक म्हणले, ग्यानोबाच्या भाच्यानं पोरगी शहराला सोडली. मी ऐकून घेतलं. पण आता उमाबाईचा निरोप आला. पोरीला म्हणावं तर ती टेस्ट करंना. का करंना? काही नसंल तर भ्यायचं काय?

तेरा तारखेला मी जातोय. तू बी ये. तू नर्स हायस, तूच तपास आणि मला खरं काय ते सांग. तुझा शब्द मी मानीन. सगळं ठीक असंल तर पोरगी तिथंच राहील. पण तिनं पिन मॅडमला द्यावा आणि पहिल्यासारखं चालू द्यावं. मी रोज सकाळी उठलो की फोनमधी नकाशा उघडून तिचा ठिपका बघतो. ठिपका लातूरात दिसला की मग च्या घेतो. आता तिनं तेबी बंद केलंय.

तुला वाटंल दादा वेडा झाला. सिंधु, भूकंपात आपली आई गेली, बाबा गेले. मला दगडाखालून काढून सोलापूरच्या दवाखान्यात टाकलं, पाय मोडलेला. तू कुठं हायस हे कुणीच सांगंना. येईल त्याला विचारायचो, माझी बहीण हाय, बारा वर्साची, कुणी बघितली का. आठ दिवस. मग बाजूच्या खाटंवरच्या माणसाच्या पेपरात तुझा फोटो दिसला. हातात कळशी घेऊन उभी. मी त्या माणसाचे पाय धरले. तो फोटो आजबी माझ्या घरात देवाच्या बाजूला हाय, तुला ठाऊक हाय.

कुणीतरी बघत होतं म्हणून तू मला सापडलीस. म्हणून माझ्या पोरीवर कुणी नजर ठेवत असंल तर मला त्याचा राग येत न्हाई. ज्याची माणसं एका रात्रीत गेली त्याला ठावठिकाणा लागतो.

तुझी वैनी साखराबाई जेवत न्हाई. लवकर कळीव.

बालाजी


नांदेड,
६ ऑगस्ट २०२३

दादा,

तुझं पत्र वाचून मी रडले. आता जे लिहिते आहे ते रडणं संपल्यावर लिहिते आहे, म्हणून नीट वाच.

मी येणार नाही आणि तपासणार नाही. उज्वलाने मला जे विचारलं ते तिने मला विचारलं. ते तू वाचलंस ही चूक उमाबाईंची. पण त्यावर आता मी तुला निकाल सांगितला तर ती चूक माझी होईल. वीस वर्षांत नवऱ्यांनी, सासवांनी, एकदा तर एका सरपंचानेही मला दवाखान्याच्या बाहेर गाठून विचारलं आहे, सिस्टर, आमच्या बाईचं काय निघालं. मी सगळ्यांना एकच सांगितलं, तिला विचारा. तू माझा भाऊ आहेस म्हणून तुला वेगळं सांगणार नाही.

खरं म्हणजे मीही तिला सांगितलं होतं की टेस्ट करून टाक आणि मोकळी हो. तिने मला साफ नाही म्हणून लिहिलं, आणि तिचं बरोबर आहे. तेव्हापासून मी त्या फोटोचा विचार करते आहे. आज तीस वर्षांनी तुला सांगते.

त्या फोटोत माझा फ्रॉक पाठीवर खांद्यापासून कमरेपर्यंत फाटलेला आहे. तुझं लक्ष गेलं नसेल, तू माझा चेहरा शोधत होतास. बाकीच्यांचं गेलं. फोटो काढणाऱ्याने मला विचारलं नाही. मला तर तो दिसलाही नाही, मी कळशीत पाणी आहे का ते बघत होते. पुढे तो फोटो मदतीच्या पेट्यांवर चिकटला, एका संस्थेच्या कॅलेंडरवर आला. मामांच्या गावातली पोरं शाळेत मला बघून खांद्यावरून कापड ओढल्यासारखं करायची. नर्सिंगला आले तर होस्टेलच्या भिंतीवर तेच कॅलेंडर. मला बघायला आले तेव्हा माझ्या सासूबाई पहिलं वाक्य काय बोलल्या माहीत आहे? "हीच का ती फोटोतली." मी कधी काही बोलले की लोक म्हणायचे, अगं, त्या फोटोमुळे किती ब्लँकेटं आली. आली, खरं आहे. मीही त्यातलंच एक पांघरून झोपले. म्हणून मी गप्प बसले.

तुला मी सापडले याचा मला आनंद आहे. तुझ्याशिवाय मला कोण होतं? पण तुला मी सापडावी म्हणून सगळ्या महाराष्ट्राने माझी उघडी पाठ बघायची गरज नव्हती. एखाद्याने माझं नाव विचारून ते दवाखान्यांना कळवलं असतं, तरी सापडले असते. माझं नाव मात्र कुणीच विचारलं नाही.

आणि दादा, तो ठिपका. फोन आठवडाभर ऑफिसच्या कपाटात चार्जिंगला असतो. रोज सकाळी तू ज्याचा ठावठिकाणा लागला म्हणून चहा घेत होतास, ते गोदरेजचं कपाट आहे. तुझी पोरगी त्या वेळी सायकलवरून क्लासला जात असते, अर्धपोटी, आणि ती जेवली का हे तुला तो नकाशा सांगत नाही. तिला विचारलंस तर ती सांगेल.

तुला लातूरला जायचं आहे ना? जा. पण ट्रंक आणायला जाऊ नकोस. उमाबाईंच्या आधी तिच्याशी बोल. तिने सांगितलं नाही, तर ते पचव. तिचं वर्ष तू मोडलंस तर मी तुझ्या दारात पाय ठेवणार नाही, हे लेखी देते.

आणि तो फोटो देवाजवळून काढ. मी जिवंत आहे, माझी पूजा नको.

सिंधु


लातूर,
१४ ऑगस्ट २०२३

आत्या,

तू अप्पांना काय लिहिलंस ते त्यांनी मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. काल ते सकाळच्या पहिल्या गाडीने आले. फाटकाशी मला बघितलं आणि पहिलं वाक्य म्हणाले, "काय खाल्लीस का?" मी म्हणाले, नाही. मग शेजारच्या टपरीवर आम्ही दोघं उभ्या उभ्या पोहे खाल्ले.

मीटिंग ऑफिसात. ज्यांनी पिन दिला नव्हता त्या सगळ्यांचे आई-बाप प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर. उमाबाईंनी एकेकाला समजावलं. निम्म्या मुलींनी तिथेच पिन सांगून टाकले, काहींच्या तर वडिलांनीच हातातून फोन ओढून घेतला. निलंग्याच्या मुलीने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घालून आकडे सांगितले. तिचा मला राग नाही. तिच्या घरी आत्या नसेल.

आमचा नंबर आला तेव्हा उमाबाई म्हणाल्या, "बालाजीराव, तुमच्या मुलीनं काय लिहिलं होतं ते मी वाचून दाखवते, मंजे बाकीच्या पालकांना बी कळंल मी का करून राहिले." आणि स्वतःचा फोन काढून चष्मा लावला.

आत्या, अप्पा उभे राहिले. तुला माहीत आहे, त्यांचा पाय उठताना कसा अडतो. भिंत धरून उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, ते वाचू नका. ते माझ्या बहिणीला लिहिल्यालं हाय."

उमाबाईंनी फोन खाली ठेवला, पण म्हणाल्या, "बरं, न्हाई वाचत. मग टेस्टचं काय?" अप्पा म्हणाले, "मला काय विचारता? तिला विचारा." मी म्हणाले, "नाही." उमाबाई म्हणाल्या, मग संध्याकाळपर्यंत खोली रिकामी करा. क्लासचे मोठे सर दारातच होते. म्हणाले, क्लासला बसू देऊ, पण बाहेर राहणाऱ्या मुलीच्या निकालाची आम्ही हमी घेत नाही. मला हसूच आलं. मी म्हणाले, "सर, हमी मी घेते."

अर्शियाच्या अब्बांनी आदल्याच दिवशी फोनवर सांगितलं होतं, पोरगी खालाकडे जाईल, पिन देणार नाही. आम्ही दोघींनी गाद्या, बादल्या, पुस्तकं रिक्षात टाकली. अप्पांनी ट्रंक उचलली. मला शेवटपर्यंत धाकधूक होती की ते रिक्षावाल्याला स्टँड सांगतात की काय. ते म्हणाले, "गंजगोलाई."

वहिदाखालांच्या दुकानावर एक खोली आहे. अप्पांनी दाराची कडी बघितली, नळ सोडून बघितला, मग मान वर करून बराच वेळ बघत राहिले. पत्रे आहेत. म्हणाले, "पत्रे हायत. बरं हाय." खालांना कळेना की या माणसाला पत्र्याचं एवढं कौतुक का. मला कळलं.

मग आम्ही दोघं खाली चहा प्यायला गेलो. अप्पांनी बशीत चहा ओतला आणि तो तसाच राहू दिला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "उज्वला, ते... आता ठीक हाय का?" त्यांना तो शब्द म्हणता येत नव्हता. कान लाल झाले होते. आमच्या गावात कुठल्या बापाने लेकीला हे विचारलं नसेल, आत्या, आणि मला त्या क्षणी त्यांच्या गळ्यात पडून सगळं सांगावंसं वाटलं.

मी म्हणाले, "अप्पा, ते मी तुम्हाला सांगणार नाही. काही लपवायचंय म्हणून नाही. ते माझं आहे म्हणून."

ते म्हणाले, "मला झोप न्हाई येणार."

मी म्हणाले, "नकाशावरचा ठिपका मी चालू करणार नाही. पण रोज संध्याकाळी मी स्वतः फोन करीन. मी आहे, एवढं रोज सांगीन. बाकीचं मला सांगावंसं वाटेल तेव्हा सांगीन, आणि जे सांगीन ते खरं असेल."

त्यांनी चहा प्यायला. चार वाजताच्या गाडीने गेले. सात वाजता मी फोन केला. पहिली घंटा पुरी वाजायच्या आत त्यांनी उचलला.

आता फोन माझ्या उशाशी असतो. सिग्नलवर तुला शोधलं, तू अजून आलेली नाहीस. आलियाला सांगून घे. तिथे आठवड्याने आपोआप पुसले जाणारे निरोप ठेवता येतात, मी तसं लावून ठेवलंय. गावातल्यांसाठी व्हॉट्सॲप राहू दे, तिथे मी फक्त सणाच्या शुभेच्छा आणि मार्क पाठवीन.

अर्शियाला माझा नवा पिन माहीत नाही. मला तिचा माहीत नाही. आम्ही गाद्या जोडून झोपतो.

आत्या, मी तुझ्यावर ओरडले, त्यानंतर तू मला काहीच विचारलं नाहीस. टेस्ट, तारीख, काही नाही. म्हणून तुला सांगते. ते या पत्रात लिहिलेलं नाही. सोबत वेगळी घडी घातलेली चिठ्ठी आहे. वाच आणि फाडून टाक.

तुझी,
उज्वला


नांदेड,
१९ ऑगस्ट २०२३

उज्वला,

चिठ्ठी वाचली. फाडली, आणि तुकडे नळाखाली धरले.

मी तुला खोटं लिहिलं होतं, त्यात माझं चुकलं. तुला सांभाळते आहे असं मला वाटत होतं. उमाबाईंनाही तसंच वाटत असणार. पुन्हा नाही होणार.

सिग्नल घेतलं. आलियाने पिन काय ठेवू विचारलं, मी तिला पाठ करून उभं राहायला सांगितलं. ती हसायला लागली. हसू दे.

काल सकाळी दादाचा फोन आला होता. इकडचं तिकडचं बोलला, सोयाबीनवर पाऊस कसा ते सांगितलं. मग म्हणाला, "सिंधु, तिनं तुला सांगितलं का?"

मी म्हणाले, "हो."

"मला न्हाई सांगितलं."

"हो."

मला वाटलं, आता विचारेल, आणि मला पुन्हा कठीण व्हावं लागेल. मी तयारीत होते.

तो म्हणाला, "तिला कुणाला तरी सांगावंसं वाटलं. मंजे पोरगी ठीक हाय." आणि फोन ठेवला.

सिंधु आत्या